जुन्या पेट्रोल गाडीचे इंजेक्टर : तपासणे, काढणे, साफ करणे आणि परत बसवणे

एप्रिल २००० पासून देशभर प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले आणि त्याच्या आगेमागे आपल्याकडच्या छोट्या गाड्यांमधून कार्बोरेटर निघून एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल फवारण्याची पद्धत आली. मारुती ८००, झेन, एस्टीम, सँट्रो या त्या काळातल्या गाड्या सांगली, मिरज, कराड, सातारा या भागात आजही रोजच्या वापरात दिसतात. अनेक घरांत ती पहिली गाडी असल्याने ती विकण्यापेक्षा सांभाळण्याकडेच ओढा असतो, आणि या गाड्यांची इंजिने तशी दणकटही आहेत. मात्र वीस-पंचवीस वर्षांनंतर आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) गाडी थरथरू लागते, चढाला दम लागतो, सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, अ‍ॅव्हरेज घसरते. आणि गॅरेजमध्ये बहुधा ‘इंजेक्टर साफ करून घ्या’ असा सल्ला मिळतो. हा सल्ला पुष्कळदा बरोबर असतो, पण अपुरा असतो. टाकीतून, जुन्या रबरातून किंवा इंजिनाच्या उष्णतेमुळे ही घाण तयार होते आणि तिचे मूळ शोधले नाही, तर साफ केलेला इंजेक्टर काही महिन्यांत पुन्हा त्याच अवस्थेला येतो. म्हणून पुढे काढण्याआधीच्या तपासणीवर आणि घाणीच्या कारणांवर मुद्दाम अधिक भर दिला आहे.

हे लेखन फक्त पेट्रोल गाड्यांपुरते आहे. डिझेल गाडीचा इंजेक्टर घरी उघडू नये. कॉमन रेल डिझेलमध्ये इंधनाचा दाब हजार बारच्या पुढे जातो, आणि जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांतही नोझलमधून उडणारी बारीक धार कातडीतून आत शिरू शकते. अशी जखम बाहेरून किरकोळ दिसली तरी जखमी माणसाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. डिझेलचे नोझल तपासण्याची यंत्रे ट्रॅक्टरच्या पंपांचे काम करणाऱ्या दुकानांत असतात. ते काम त्यांच्याकडेच सोपवावे.

इंजेक्टरची रचना आणि घाणीची कारणे

पेट्रोलचा इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी एक अतिशय नेमकी झडप आहे. आत तांब्याच्या तारेची कॉइल, तिच्यामुळे वर खेचली जाणारी सुई, सुईला खाली दाबून ठेवणारी स्प्रिंग, वरच्या तोंडाशी जाळीची लहानशी गाळणी आणि खालच्या टोकाला मिलिमीटरच्या अंशाएवढी छिद्रे असतात. एका तारेतून त्याला बारा व्होल्ट मिळत राहतात आणि दुसरी तार ईसीएम (इंजिन सांभाळणारा संगणक) योग्य क्षणी अर्थ करतो, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूशी जोडतो. आयडलिंगला सुई प्रत्येक वेळी जेमतेम दोन ते चार मिलिसेकंद उघडी राहते. एवढ्या कमी वेळात ठरलेले पेट्रोल ठरलेल्या आकाराच्या फवाऱ्यात पडायचे असल्याने छिद्राच्या कडेला साचलेला पातळसा थरही फरक पाडतो. फवाऱ्याऐवजी धार पडू लागली, तर पेट्रोल तितकेच जाऊनही ते नीट जळत नाही.

हा थर बहुतांशी गाडी बंद केल्यानंतर साचतो. इंजिन चालू असताना वाहते पेट्रोल इंजेक्टरचे टोक थंड ठेवते. किल्ली फिरवली की वाहणे थांबते, पण इंजिनाची उष्णता वर चढत राहते आणि टोकाशी उरलेल्या थेंबातला हलका भाग उडून जाऊन चिकट राळेसारखा अंश मागे राहतो. त्यामुळे लांबच्या प्रवासाला वापरल्या जाणाऱ्या गाडीपेक्षा सांगलीतच विश्रामबागेतून गणपती पेठेत आणि तिथून परत, अशा दिवसातून चार वेळा बंद-चालू होणाऱ्या गाडीचे इंजेक्टर लवकर घाण होतात. उन्हाळ्यात हे आणखी वाढते.

दुसरे कारण आपल्या ऊसपट्ट्याशी जोडलेले आहे. साखर कारखान्यांच्या आसवनींतून निघणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचे प्रमाण २०२२ साली देशात सरासरी १० टक्क्यांवर पोहोचले आणि २०२५ पर्यंत ते २० टक्क्यांवर नेण्यात आले. या धोरणाचा शेतकऱ्याला होणारा लाभ खरा आहे आणि तो या भागात कोणाला सांगायला नको. परंतु २० टक्के मिश्रणाला टिकणारे रबर आणि धातू वापरण्याचे बंधन एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांसाठी आहे. २००२ सालच्या झेनचे पाइप आणि ओ-रिंग (जोडांतल्या गोल रबरी कड्या) त्यासाठी बनलेले नाहीत. जुने रबर फुगते, मग कडक होते, त्याला तडे जातात आणि त्याचा भुगा गाळणीकडे जातो. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळही इथेनॉलमुळे सुटून पुढे सरकतो. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात व टाकीच्या तळाशी बसतात. पंप नेमका तिथूनच ओढतो. महिनोन् महिने अंगणात उभ्या असलेल्या, अर्ध्या टाकीच्या गाडीत हा धोका सर्वांत जास्त असतो.

सांगलीत तिसरे कारण विसरून चालणार नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णेचे पाणी ज्या गाड्यांत शिरले, त्यांतल्या कित्येक दुरुस्त होऊन पुढे विकल्या गेल्या आहेत. अशा गाडीच्या टाकीत आणि रेलमध्ये (सर्व इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) गंज असू शकतो आणि इंजेक्टरच्या गाळणीत तांबूस भुकटी सापडते. जुनी गाडी विकत घेतली असेल, तर ती कधी पुरात होती का याची चौकशी या कामाआधी जरूर करावी.

आणि चौथे कारण गॅसकिटचे. एलपीजी किंवा सीएनजीवर धावणारी गाडी केवळ चालू करण्यापुरती पेट्रोलवर असते, नंतर पेट्रोलचे इंजेक्टर बंद राहतात, पण इंजिनाच्या उष्णतेत तसेच तापत बसतात. अशा गाडीत पेट्रोलवर टाकताच मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे) सुरू होते आणि गॅसवर ती सुरळीत चालते, ही इंजेक्टर घाण झाल्याची बऱ्यापैकी भरवशाची खूण आहे, कारण स्पार्क आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवेवर येणारा दाब) दोन्ही इंधनांना सारखेच लागतात.

काढण्यापूर्वीची तपासणी

इंजेक्टरवर संशय घेण्याआधी एअर फिल्टर, स्पार्क प्लग, प्लगच्या वायरी, थ्रॉटल बॉडीतला (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागातला) काळा थर आणि व्हॅक्यूमचे लहान पाइप पाहून घ्यावेत. जुन्या गाडीत तडा गेलेला व्हॅक्यूम पाइप इंजेक्टर घाण झाल्याचे हुबेहूब सोंग करतो. प्लग काढलेच आहेत तर कॉम्प्रेशनही मोजावे. एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन इतरांपेक्षा बरेच कमी असेल, तर इंजेक्टरवर पैसे खर्च करण्यात अर्थ नाही. प्लगचा रंगही काही सांगतो. एकच प्लग पांढरट असेल तर त्या सिलिंडरला पेट्रोल कमी मिळते आहे, आणि एकच काळा व ओलसर असेल तर तो इंजेक्टर गळत असण्याची शक्यता आहे. गळणाऱ्या इंजेक्टरची आणखी एक खूण म्हणजे गरम गाडी दहा-पंधरा मिनिटे उभी राहिल्यावर सहज सुरू होत नाही आणि ऑइलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो.

त्यानंतर इंजिन आयडलिंगला ठेवून लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक एकेका इंजेक्टरवर टेकवावे आणि मुठीला कान लावावा. प्रत्येकाचा टिकटिक आवाज सारखा आला पाहिजे. मग एकेका इंजेक्टरचा कपलर (वायरीचा जोड) काही सेकंद काढून इंजिनाचा वेग किती पडतो ते पाहावे. ज्याचा कपलर काढल्याने काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर मुळातच काम करत नाही. प्लगची वायर काढून अशी परीक्षा घेण्याची जुनी सवय या गाड्यांत टाळावी, कारण न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन तो तापतो. कपलर काढल्यास पेट्रोलच बंद होते आणि हा धोका राहत नाही.

इंजिन बंद करून मल्टिमीटरने प्रत्येक इंजेक्टरच्या दोन पिनांमधला रोध मोजावा. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत तो थंड अवस्थेत १२ ते १६ ओहमच्या दरम्यान असतो, आणि सर्व इंजेक्टरांचे आकडे एकमेकांच्या जवळ असले पाहिजेत. एखाद्याचा रोध अनंत किंवा अगदीच कमी आला, तर त्याची कॉइल गेलेली आहे आणि कितीही साफ केले तरी तो चालणार नाही. याच टप्प्यावर शक्य असल्यास गेज लावून पेट्रोलचा दाब पाहावा. तो साधारणपणे अडीच ते तीन बार असतो. गाडीचा नेमका आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. दाब कमी असेल तर पंप, फिल्टर किंवा रेग्युलेटरचा (दाब स्थिर ठेवणाऱ्या भागाचा) दोष आहे. सर्व इंजेक्टर एकाच वेळी सारखेच कमजोर झालेले वाटतात, तेव्हा बहुधा हेच कारण निघते. हे सगळे आकडे वहीत लिहून ठेवावेत, कारण काम झाल्यावर तुलना त्यांच्याशीच करायची आहे.

जागा आणि तयारी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत, खड्ड्यात, पायऱ्यांखाली साचून राहते. म्हणून हे काम बंद गॅरेजमध्ये न करता मोकळ्या अंगणात, सावलीत आणि इंजिन पूर्ण थंड असताना करावे. आसपास गॅस गिझर, चार्जिंगला लावलेली बॅटरी, ग्राइंडर, उदबत्ती, संध्याकाळी तुळशीपुढे लागणारी पणती यांपैकी काहीही नसावे. घरातल्या मंडळींना तसे आधीच सांगून ठेवावे आणि काम सकाळी सुरू करावे. पेट्रोलच्या आगीवर चालणारे अग्निशामक हाताशी असलेच पाहिजे. पाण्याची बादली इथे उपयोगाची नाही, कारण पेटलेले पेट्रोल पाण्यावर तरंगून पसरते. डोळ्यांना चष्मा आणि हातांना पेट्रोलला टिकणारे नायट्राइलचे हातमोजे घालावेत.

साहित्यात लहान मापाच्या गोट्या (सॉकेट) व एक्स्टेन्शन, टॉर्क पाना, बारीक तोंडाची पक्कड, मल्टिमीटर, लिंट न सोडणारे स्वच्छ कापड, टेप आणि मार्कर लागतो. मात्र सर्वांत महत्त्वाची खरेदी ओ-रिंगांची आहे. प्रत्येक इंजेक्टरसाठी वरची ओ-रिंग, खालचे सील आणि मिळत असल्यास नवी गाळणी घेतल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नये. ओ-रिंग व्हिटॉन या रबराच्या, पेट्रोल आणि इथेनॉल या दोन्हींना टिकणाऱ्या असाव्यात. नळाच्या किंवा पंपाच्या दुकानात त्याच मापाची काळी रिंग स्वस्तात मिळते, पण ती पेट्रोलमध्ये फुगते आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळू लागते. गाडीला आग लागण्याचा याहून सरळ मार्ग नाही. या एका बाबतीत काटकसर करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

इंजेक्टर काढणे

प्रथम दाब उतरवावा. पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून गाडी चालू करावी. रेलमधले पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडेल. त्यानंतर दोन-तीन वेळा थोडा सेल्फ मारावा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. एवढे करूनही रेलमध्ये थोडे पेट्रोल उरतेच, त्यामुळे पाइप सैल करताना जोडाभोवती कापड गुंडाळावे आणि खाली अल्टरनेटर असेल तर तोही झाकून घ्यावा.

आता रेलकडे जाण्याआधी एक काम शांतपणे करावे. इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये (हवा सिलिंडरांकडे नेणाऱ्या नळ्यांत) जिथे शिरतात तिथे वर्षानुवर्षांची धूळ आणि ऑइल यांचा घट्ट थर साचलेला असतो, आणि इंजेक्टर उचलताच तो थर सरळ इनटेक पोर्टमध्ये व तिथून व्हॉल्व्हवर पडतो. ब्रशने आणि हवेने ही जागा आधी पूर्ण स्वच्छ करावी. घाईत हाच टप्पा गाळला जातो आणि इंजेक्टर साफ होऊन व्हॉल्व्हच्या सीटमध्ये कचरा अडकल्याच्या तक्रारी यातूनच उद्भवतात.

एअर फिल्टरपासून थ्रॉटलकडे जाणारा डक्ट आणि वाटेतले व्हॅक्यूम पाइप खुणा करून काढावेत. कपलरवरही क्रमांक टाकावेत आणि काढण्यापूर्वी मोबाइलवर एक फोटो घेऊन तो फोन घरात ठेवून यावा. जुन्या कपलरचे प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते. वायर ओढू नये, लॉकची तार किंवा कडी सोडवून कपलरच्या अंगालाच धरावे. पेट्रोलचा येणारा पाइप, ज्या गाडीत असेल तिथे टाकीकडे परत जाणारा पाइप आणि रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप सोडवून रेलचे बोल्ट काढावेत. बोल्टखाली प्लॅस्टिकचे किंवा धातूचे स्पेसर असतील तर त्यांची जागा लक्षात ठेवावी.

रेल दोन्ही हातांनी दोन्ही टोकांना धरून, थोडी डावी-उजवीकडे हलवत सरळ वर उचलावी. एका टोकाने उचलल्यास दुसऱ्या टोकाचा इंजेक्टर तिरका अडकतो. काही इंजेक्टर रेलसोबत येतात, काही मॅनिफोल्डमध्येच राहतात. राहिलेला इंजेक्टर हातानेच गोल फिरवत वर ओढावा. त्याच्या प्लॅस्टिकखाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नये. खालचे सील बऱ्याचदा भोकातच चिकटून राहते. ते शोधून काढावे, कारण जुन्या सीलवर नवे सील बसवले तर इंजेक्टर नीट खाली बसत नाही आणि तिथून हवा ओढली जाते. शेवटी सर्व भोके स्वच्छ कापडाने आणि टेपने बंद करावीत आणि प्रत्येक इंजेक्टरवर त्याच्या सिलिंडरचा क्रमांक लिहावा.

साफ करणे

इथे माझे मत ठाम आहे. सांगली, मिरज, कराड किंवा साताऱ्यात अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी घाण सोडवणारे) यंत्र आणि काचेच्या नळ्यांचा टेस्ट बेंच असलेले गॅरेज मिळत असेल, तर इंजेक्टर तिथेच न्यावेत. काढणे-बसवणे घरी केले तरी साफसफाई यंत्रावर होणे हिताचे आहे, कारण साफ केल्याने काय बदलले ते तिथे मोजता येते. गॅरेजमध्ये तीन गोष्टी मागाव्यात आणि शक्यतो समोर उभे राहून पाहाव्यात. पहिली म्हणजे साफ करण्यापूर्वी आणि नंतर प्रत्येक इंजेक्टरमधून ठरावीक वेळेत किती मिलिलिटर द्रव पडला याचे आकडे. सर्व इंजेक्टरांमधला फरक पाच टक्क्यांच्या आत असावा. दहा टक्क्यांहून जास्त असेल आणि दुसऱ्यांदा साफ करूनही तो हटत नसेल, तर तो इंजेक्टर बदलावा. दुसरी म्हणजे फवाऱ्याचा आकार, जो सर्वांचा सारखा असावा आणि त्यात धार किंवा एका बाजूला झुकलेला फवारा नसावा. तिसरी गळतीची परीक्षा, म्हणजे दाब चालू ठेवून वीज बंद केल्यावर टोकाला थेंब जमतो का ते पाहणे. एका मिनिटात थेंब खाली पडत असेल, तर सुई नीट बसत नाही.

गाडीवरच औषधाची बाटली जोडून इंजिन चालवत इंजेक्टर साफ करण्याची पद्धतही प्रचलित आहे. थोड्या घाणीसाठी ती चालते. पण तिच्यात गाळणी बदलत नाही, ओ-रिंग बदलत नाहीत आणि आधी-नंतरचा हिशेब मिळत नाही, म्हणून वीस वर्षांच्या गाडीत मी तिच्यावर विसंबणार नाही.

यंत्र अजिबात उपलब्ध नसेल, तर इंजेक्टरच्या वरच्या तोंडाला पेट्रोलचा पाइप घट्ट बसवून त्यातून कार्ब क्लीनरचा फवारा द्यावा आणि नऊ व्होल्टच्या लहान बॅटरीने, दाबून सोडण्याच्या स्विचमधून, क्षणभर-क्षणभर वीज देत सुई उघडावी. वीज सलग देऊ नये. गाडीच्या बॅटरीचे बारा व्होल्ट काही वेळ सलग दिल्यास कॉइल जळू शकते. कार्ब क्लीनर अत्यंत ज्वालाग्राही असल्याने स्विच आणि बॅटरी फवाऱ्यापासून लांब, लांब वायरीवर ठेवावी. कोणत्याही पद्धतीत टोकाच्या छिद्रात तार, सुई किंवा टाचणी घालू नये, आणि ते टोक पॉलिश पेपरने घासू नये. छिद्राची कड एकदा बिघडली की ती कोणत्याही औषधाने परत येत नाही.

जुनी गाळणी तिच्या आत बारीक स्क्रू फिरवून ओढली की निघते, पण नवी हातात असेल तरच ती काढावी. काढलेली गाळणी पांढऱ्या कागदावर झटकून नीट पाहावी. तांबूस भुकटी म्हणजे टाकीत गंज, काळा चिकट भुगा म्हणजे पाइपचे रबर, आणि पिवळसर राळ म्हणजे फार काळ पडून राहिलेले पेट्रोल. या संपूर्ण कामात खरा शोध या कागदावर लागतो. गंज निघाला तर टाकी उतरवून धुऊन घ्यावी आणि पंपाच्या तोंडाची जाळी बदलावी. रबर निघाले तर टाकीपासून रेलपर्यंतचे सर्व रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे घालावेत. पेट्रोल फिल्टर तर दोन्ही बाबतींत बदलायचाच आहे.

परत बसवणे आणि चाचणी

नव्या ओ-रिंगांना स्वच्छ इंजिन ऑइलचे बोट लावावे. ग्रीस किंवा सिलिकॉन लावू नये, ते सुटून गाळणीत किंवा टोकाशी अडकते. इंजेक्टर आधी रेलमध्ये सरळ दाबून बसवावेत, कपलरची दिशा जुळवावी, आणि मग संपूर्ण रेल भोकांवर ठेवून हातांच्या दाबाने समान खाली न्यावी. रेल सहज खाली जात नसेल तर एखादी रिंग दुमडलेली आहे. बोल्टने ओढून खाली बसवण्याऐवजी पुन्हा उचलून पाहावे. बोल्ट घट्ट करण्यापूर्वी प्रत्येक इंजेक्टर बोटांनी किंचित गोल फिरला पाहिजे. बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जात असल्याने ते मॅन्युअलमधल्या टॉर्कपलीकडे आवळू नयेत.

सर्व पाइप, क्लिपा आणि कपलर जोडून झाल्यावर फ्यूज आणि बॅटरी लावावी. गाडी लगेच सुरू न करता किल्ली फक्त चालू करावी, दोन सेकंद पंपाचा आवाज ऐकावा, बंद करावी आणि असे चार-पाच वेळा करावे. रेल भरली की प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवून पाहावा. कुठेही ओल दिसली, तर पुढे जाऊ नये. सर्व कोरडे असेल तर गाडी सुरू करावी आणि चालू इंजिनावर, नंतर इंजिन गरम झाल्यावर, ही कागदाची परीक्षा पुन्हा घ्यावी. बॅटरी काढल्याने ईसीएमची साठवलेली जुळवणी पुसली गेलेली असते, म्हणून पहिले काही किलोमीटर आयडलिंग वर-खाली झाले तर घाबरण्याचे कारण नाही.

रस्त्यावरची चाचणी चढावर घ्यावी, सपाट रस्त्यावर दोष लपतो. साताऱ्यातून कासकडे जाताना यवतेश्वरचा घाट यासाठी सोयीचा आहे. सांगलीकरांनी पुण्याहून परतताना खंबाटकी घाटात लक्ष ठेवावे. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर हळूहळू दाबत नेल्यावर गाडीने झटका न खाता वेग धरला पाहिजे. गॅसकिट असलेली गाडी यापुढे आठवड्यातून एकदा तरी इंजिन पूर्ण गरम असताना पंधरा-वीस किलोमीटर पेट्रोलवर चालवावी.

दोनशे-तीनशे किलोमीटर झाल्यावर प्लग पुन्हा काढून त्यांचे रंग पाहावेत आणि वहीतल्या जुन्या नोंदींशी ताडून पाहावेत. सर्व प्लग सारखे फिकट तपकिरी असतील तर काम नीट झाले आहे. एकच प्लग अजूनही पांढरट राहिला असेल आणि त्या इंजेक्टरचा टेस्ट बेंचवरचा आकडा इतरांशी जुळत असेल, तर त्याचे खालचे सील आणि त्या सिलिंडरजवळचे इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट तपासावे, कारण अशा वेळी बहुधा पेट्रोल पुरेसे मिळत असते आणि तिथून जादा हवा आत शिरत असते.